टोपीखालचे डोळे

मी सर्वांत जास्त कोणाचा आभारी आहे असं कोणी विचारलं तर मी आढेवेढे न घेता सांगतो: चाचांचा. रिसोडला बसस्थानकाकडून बाजाराकडे निघालं की टेलरच्या दुकानाला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मोहल्ल्यातली मुलं त्यांना चाचा म्हणत म्हणून आम्ही कॉलेजची मुलंही म्हणू लागलो, आणि खेड्यापाड्यांतून येणारे सत्तरीचे म्हातारेही त्यांना चाचाच म्हणत. त्यांना कानांनी फार कमी ऐकू यायचं. गिऱ्हाईक ओरडून बोलायचं आणि चाचा त्याच्या ओठांकडे पाहून हळू आवाजात उत्तर द्यायचे. आता ते मुलीकडे परभणीला राहतात.

माझे आईवडील शाळेत गेलेले नाहीत. दुसऱ्याच्या वावरात राबून त्यांनी मला बी.ए. केलं. पण शिकणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे दाखवायला घरात कोणी नव्हतं. चूक केली तर मार बसतो, एवढंच मला शाळेतून कळलं होतं. चूक केल्यावर ती दुरुस्त करायला पुन्हा त्याच दारात जायचं असतं, हे मला चाचांनी शिकवलं.

आज मी वाशिमला एका कॉलेजात शिकवतो. मुलं विचारतात, "सर, फोटो चांगला येण्यासाठी कोणता मोबाईल घेऊ?" मी म्हणतो, आहे तोच राहू दे. मग त्यांना केनवडच्या एका आजोबांची गोष्ट सांगतो. उजेड आणि चौकट यांबद्दल मला जे काही येतं, ते बहुतेक त्या एका हिवाळ्यात आलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला मी स्टुडिओत गेलो. चाचांनी माझी हनुवटी दोन बोटांनी धरून वळवली. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "विचारून राह्यला म्हंजे शिकशीन. उद्यापासून येत जाय." तेव्हापासून सकाळी कॉलेज आणि दुपारी स्टुडिओ असं सुरू झालं.

पहिले पंधरा दिवस त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, "पहिले तुही मूठ पाह्य." मूठ आवळायची, हात लांब धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. बोटांच्या सांध्यांवर उजेड कसा सरकतो ते पाहायचं. एका दिशेला सांध्यांच्या सावल्या काळ्या, धारदार पडतात. थोडं फिरलं की त्या मऊ होतात. आणखी फिरलं की नाहीशाच होतात आणि मूठ भाकरीसारखी सपाट दिसते. "मऊ सावली दिसली का थांब. तठी मानूस बसव." मी रस्त्यावर असा मूठ धरून गरगर फिरत असलो की शेजारचा टेलर ओरडायचा, "चाचा, पाहा, तुमच्या पोट्ट्याले भोवय येऊन राह्यली!"

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. उजेड भरपूर असला की फोटो चांगला येतो, अशी माझी खात्री होती. ती खात्री घेऊनच मी चैत्रातल्या एका लग्नाला गेलो, चाचांनी मला एकट्याला पाठवलेल्या पहिल्या लग्नाला.

अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, आमच्या बुजुर्गांचा एक फोटो घ्या. बारा म्हातारे लिंबाच्या सावलीत बसले होते. मी त्यांना उठवलं आणि भर उन्हात रांगेत उभं केलं. त्यांच्यातले एक म्हणाले, "अबे, इथीच काढ ना." मी ऐटीत सांगितलं, "सावलीत फोटो येत नाही, आबाजी."

ऊन थेट डोक्यावर होतं. कपाळाच्या हाडांची सावली डोळ्यांत उतरली, नाकाची मिशीवर. पांढऱ्या टोप्या इतक्या चकाकत होत्या की कॅमेऱ्यानं त्या सांभाळण्यासाठी चेहरे आणखी काळे केले. चाचांनी तो फोटो कॉम्प्युटरवर पाहिला आणि म्हणाले, "बारा टोप्या काढल्या बेटा. मानसं कुठी हायेत?"

मी म्हणालो, उजेड तर खूप होता.

"पानी खूप टाकलं म्हनून वरन चांगलं होते का?"

तेव्हा मला थोडं हसू आलं. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. फोटो दिला गेला, लोकांनी घेतला.

पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे म्हातारी माणसं एकट्यानं, समोर पाहत फोटो काढून घेत नाहीत. तसा फोटो म्हणजे हाराचा फोटो. तो काढला की मरण जवळ आलं असं मानतात. आधार कार्डाचा चालतो, कारण तो सरकार काढतं. पण तो भिंतीवर लावण्यासारखा नसतो. त्यामुळे घरात मयत झालं की दोन दिवसांनी घरचं कोणी तरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन स्टुडिओत येतं आणि म्हणतं, "यातून आमचे बाबा काढून द्या." मग तो चेहरा कापायचा, मोठा करायचा, शेजाऱ्याचा खांदा पुसायचा, मागे निळा पडदा टाकायचा. चाचांचा त्यात एक नियम होता: जे दिसत नाही ते बनवायचं नाही. चेहरा अंधुक असेल तर अंधुक ठेवायचा.

दिवाळीनंतर त्या बारा म्हाताऱ्यांपैकी एक वारले. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत होता. तो धावतपळत स्टुडिओत आला तेव्हा चाचा नमाजाला गेले होते. मी तो लग्नाचा फोटो उघडला. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, "हे बाबा," आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला. त्याच्या बोटाखाली दोन चेहरे होते. दोघांची टोपी सारखी, मिशा सारख्या, दोघांचे डोळे सावलीत. त्याला पुन्हा बोलावून विचारायला हवं होतं. मला वाटलं, मला समजलं.

मी एक चेहरा कापला. डोळ्यांच्या जागी नुसता काळोख होता, आणि तो मला माझा अपमान वाटला. म्हणून मी दुसऱ्या एका फोटोतले डोळे आणून तिथं बसवले. चाचांना दाखवलं नाही. तेरवीच्या सकाळी फ्रेम कागदात गुंडाळून त्या गावी नेली. घरात गर्दी होती. मीच खिळा ठोकला, मीच फ्रेम लावली, आणि कोणी तरी हार घातला. मला जेवायला थांबवलं.

दुपारी केनवडहून एक आजोबा आले, मयताचे साळे. जीपमधून उतरले, पाय धुतले, फोटोपुढे फूल ठेवून वाकले. सरळ झाले आणि तिथंच उभे राहिले.

"हा कोनाचा फोटू व्हय?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"बाबाचाच ना मामा. बसा तुमी."

"तुह्या बापाचा कान फाटेल होता का बे?"

आजोबांच्या डाव्या कानाची पाळी तरुणपणी बैलाच्या शिंगानं फाटलेली होती. त्यांनी ती दोन बोटांत धरली आणि फोटोकडे पाहत म्हणाले, "हा कान माहा हाय."

आतून त्यांच्या बहिणीचा, म्हणजे मयताच्या बायकोचा, आवाज आला. "मले सकायपासून वाटून राह्यलं होतं दादा, का हे तोंड तुह्यासारखं दिसते. मंग म्हटलं, रडू रडू माहे डोये फिरले असतीन."

कोणी तरी हसलं आणि हसता हसता थांबलं. एक म्हातारे ओरडले, "काढा ना बाप्पा तो हार! जिता मानूस समोर उभा हाय!" हार काढेपर्यंत आजोबा भिंतीला टेकून खाली बसले. पाण्याचा घोटही न घेता त्याच जीपनं परत गेले.

बातमी स्टुडिओपर्यंत पोचली आणि संध्याकाळी चाचा मला घेऊन त्या घरी गेले. मुलगा अंगणातच भडकला. त्याचा राग खरा होता. चाचांना त्याचे निम्मे शब्द ऐकू आले नसतील, पण ते त्याच्या तोंडाकडे पाहत शेवटपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "दुकान माहं, चूक माही." मी त्यांच्या मागे उभा होतो. डोळे मी बसवले होते हे मी बोललो नाही.

रिसोडला उतरताना चाचा म्हणाले, "गाली मी खाल्ली. काम तुले करा लागीन."

काम काय आहे ते चार दिवसांत कळलं. केनवडच्या जीपवाल्यांनी बातमी आणली की आजोबांनी खाट धरली आहे. डॉक्टरला काही सापडलं नाही. तूर कापायला येत चालली होती आणि ते वावराकडे फिरकत नव्हते. म्हणत होते, आता काय राहिलं, तेरवी तर झाली. चौकातल्या टवाळांना विषय मिळाला होता. "मामा, तुमच्या तेरवीची बुंदी मस्त होती," असं कोणी तरी दारात जाऊन म्हणालं, त्या दिवशी त्यांनी जेवणही सोडलं. एक धडधाकट माणूस माझ्यामुळे मरणाची वाट पाहत पडला होता.

"त्याचा जिता फोटू काढ," चाचा म्हणाले. "असा का त्यालेच दिसलं पाह्यजे, का मी जिता हाव. डोयात दिवा दिसला पाह्यजे."

दिवा म्हणजे डोळ्यातल्या काळ्या बुबुळावर उमटणारा उजेडाचा लहानसा ठिपका. कोणाचाही फोटो पाहा; तो ठिपका असेल तर माणूस आपल्याकडे पाहतो असं वाटतं, नसेल तर डोळे विझलेले वाटतात. तो येतो समोरच्या उजळ आकाशातून, दारातून, पांढऱ्या भिंतीतून. माणसाचं तोंड उजेडाकडे असलं पाहिजे, आणि तो उजेड वरून कोसळणारा नको, समोरून येणारा हवा. मी ठरवलं, हे जमेपर्यंत दर रविवारी केनवडला जायचं.

पहिल्या रविवारी मी दारात दिसताच आजोबा खाटेवरून ओरडले, "आला यमाचा फोटोग्राफर! आता काय, सरणाचा काढतं?"

"पानी तं पिऊ दे त्याले," आतून आजी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या.

"पेऊ दे. अन् मंग जाऊ दे."

मी पाणी प्यायलो आणि गेलो नाही. ओसरीच्या कडेला बसून राहिलो. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. सकाळचं ऊन थेट दारात येत होतं. अकराच्या सुमाराला ते अंगणात सरकलं. तीननंतर समोरच्या घराच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर ऊन पडलं आणि तिच्यावरून परतलेला उजेड ओसरीत आला, दुधासारखा. मी मूठ धरून पाहिली. सावली मऊ होती. हे सगळं वहीत लिहिलं आणि शेवटच्या एसटीनं परत आलो. चाचांनी वही पाहिली. "एक बी फोटू नाई काढला?" "नाही." "आज पयल्यांदा तू फोटोग्राफरचं काम केलं."

दुसऱ्या रविवारी आजीच म्हणाल्या, "माहा काढ. पाहू मले का होते ते."

"काहून मराची घाई झाली?" खाटेवरून आवाज.

"तुमी एकटेच जासान का?"

आजींना मी उंबरठ्याच्या आत, साधारण एक हात अंतरावर बसवलं, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. हे कोणालाही घरी करून पाहता येईल. दारातून येणारा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि मागे खोलीचा अंधार राहतो, त्यामुळे पडद्याची गरज लागत नाही. मी उभ्यानंच कॅमेरा डोळ्याला लावला आणि आजींना मान वर करून पाहावं लागलं. चाचा म्हणायचे, बसलेल्या माणसाचा फोटो उभं राहून घेणं म्हणजे त्याला दटावणं. त्याच्या डोळ्यांइतकं खाली यायचं. मी जमिनीवर बसलो. मग चौकटीचे चार कोपरे पाहिले. चेहरा सगळ्यात शेवटी पाहायचा, कारण तो आपल्याला दिसणारच असतो. न दिसणाऱ्या गोष्टी कोपऱ्यांत आणि डोक्यामागे लपतात. आजींच्या बरोबर डोक्यावर मागच्या भिंतीवरचं विजेचं मीटर उगवलं होतं.

"आजी, थोडं इकडे सरका. मीटर येतं."

"येऊ दे ना. लोकाइले दिसन का आमच्या घरी लाईट हाय."

"मीटर दिसलं तर लोक मीटरच पाहतील, आजी."

खाटेवरून आवाज आला, "अन् तुले पाहून काय करतीन?"

आजी हसल्या, आणि मी बटण दाबलं. तेरवीनंतर आजोबा पहिल्यांदाच थट्टा करून बोलले होते.

तिसऱ्या रविवारी फोटो छापून नेला. आजींनी तो आजोबांच्या तोंडापुढे धरला. "पाहा. आठ दिवस झाले. मेली का मी?" आजोबांनी तो खिडकीकडे नेला, जवळ घेतला, लांब धरला. "डोये दिसून राह्यले हिचे," एवढंच म्हणाले. पण मला हाकललं नाही.

त्याच आठवड्यात चाचा मुलीकडे परभणीला गेले, महिनाभरासाठी. स्टुडिओची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "केनवडचं काम अर्ध हाय. लक्षात ठेव."

चौथ्या रविवारी आजोबा स्वतः म्हणाले, "घे काढून. संपव एकदाचं." टोपी घातली, खाटेच्या काठावर ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान सरळ, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले, जसं काही ठाण्यात बसवलं आहे. मला वाटलं, मिळालं ते घ्यावं. मी फोटो घेतला आणि पडद्यावर त्यांना दाखवला. ते पाहत राहिले. मग टोपी काढून ठेवली.

"हाच तं तो हाराचा," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या दिवशी परतताना मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण एसटीत बसून मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. माणूस बरोबर मधोमध होता. छाती सरळ समोर. हात रिकामे. उजेडही बरा होता, पण तो डोळ्यांपर्यंत पोचत नव्हता; टोपी खाली ओढलेली होती आणि भुवया दाट होत्या. उजेडाला खालून वर चढवायला हवं होतं. आणि माणसाला काम द्यायला हवं होतं. आमची माणसं रिकाम्या हातांनी फक्त दोनदाच बसतात, साहेबापुढे आणि आजारपणात.

पाचव्या रविवारी मी गेलो तेव्हा आजोबा ओसरीवर उकिडवे बसून दोर वळत होते. तुरीच्या पेंढ्या बांधायला दोर लागणार होता, म्हणून आजींनी अंबाडीचा वाक, म्हणजे सालीचे धागे, त्यांच्यापुढे आणून टाकला होता आणि म्हटलं होतं, मरायच्या आधी एवढं करून जा. दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हात भराभर चालू. मी कॅमेऱ्याचं नावच काढलं नाही. तीन वाजायची वाट पाहिली. समोरची भिंत उजळली. मग आजींना म्हणालो, वाळत घातलेलं धोतर जरा यांच्यापुढे जमिनीवर पसरता का?

"माहं धोतर जमिनीवर कायले?" आजोबा.

"उजेडासाठी."

"धोतरानं उजेड पडते?"

"हात धरून पाहा ना, आबाजी."

त्यांनी तळहात खाली करून धोतरावर धरला. तळहाताच्या रेषा उजळल्या. हात बाजूला नेला, काळा झाला. पुन्हा आणला. दोन-तीनदा केलं.

"त्या दिवशी लिंबाखालून उठवून उन्हात उभं केलं," ते म्हणाले. "आज धोतर हातरून राह्यला. तुले उजेड समजते का नाई, एकदाचं ठरव."

"तेव्हा समजत नव्हता."

"अन् आता?"

"थोडा समजतो."

ते हुं म्हणाले आणि वळायला लागले. मी त्यांच्या डोळ्यांइतका खाली बसलो, जरा बाजूला. ते ज्या बाजूला पाहत होते तिकडे चौकटीत जागा मोकळी सोडली. ज्याच्याकडे माणूस पाहतो ती जागा फोटोत थोडी तरी असावी, नाहीतर तो भिंतीला नाक लावून बसल्यासारखा दिसतो. हात पूर्ण घेतले, मनगटापाशी कापले नाहीत. धोतर आणि टोपी पांढरी, म्हणून कॅमेऱ्याला उजेडाचं माप चेहऱ्यावरून घ्यायला लावलं. मोबाईल असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवायचं, तो आपोआप तेच करतो.

आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि फाटका कान कॅमेऱ्याकडे केला. "दिसू दे. पुन्हा गडबड नको."

तेवढ्यात आतून आजी, "दोर वयता का फोटूच काढत बसता? सांज होऊन राह्यली!"

"अवं, दोन्ही होऊन राह्यलं!" ते दाराकडे पाहून ओरडले. तोंड अर्धवट उघडं, दोर ताणलेला, भुवयांखाली दोन्ही डोळ्यांत पांढरा ठिपका. मी तेव्हा बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात मी चाचांना पत्र लिहिलं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही आणि त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यावर फोटो जात नाही. पत्राची कच्ची प्रत माझ्या वहीत आहे, ती तशीच देतो.

चाचा, सलाम.

सोबत फोटो पाठवला आहे. दाराजवळ नेऊन पाहा. केनवडचे आबाजी आहेत. उजेड समोरच्या भिंतीचा आहे आणि खालून धोतराचा.

रविवारी मी छापलेला फोटो त्यांना दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग पेटी उघडून वावराच्या कागदांखाली ठेवला आणि आजींना म्हणाले, वेळ आली का हाच लावजा, रिसोडले कोनाले कापाले लावू नका. आजी म्हणाल्या, तोवर तो पिवया पडन. मंगळवारी ते तूर कापायला गेले. मी पाहिलं नाही. जीपवाल्याच्या हाती आजींचा निरोप आला: बुढा वावरात गेला, आता दर रविवारी येत जाऊ नको, तुह्या चहानं माही साखर सरली.

दुसरं काम मी तुम्हाला न विचारता केलं. मयताच्या घरी गेलो. लग्नाच्या त्याच फोटोतून यावेळी त्यांच्या मुलाला आणि बायकोला शेजारी बसवून बरोबर चेहरा निवडून घेतला. डोळे सावलीतच ठेवले, जे दिसत नव्हतं ते बनवलं नाही. त्या बाई म्हणाल्या, असेच दिसत होते ते उन्हात, डोये बारीक करून. मग मी मुलाला सांगितलं की पहिला फोटो तुम्ही बनवला नव्हता, तुम्हाला दाखवलाही नव्हता. चेहरा मी कापला आणि डोळे मी चिकटवले. तो म्हणाला, तेव्हाच काहून नाई बोलला? मी म्हणालो, भ्यालो होतो. तो उठून आत गेला. नंतर चहा दिला. पूर्ण माफ केलं असं मला वाटत नाही, आणि ते ठीकच आहे. पण तुमच्याबद्दल त्याच्या मनात आता राग नाही, हे लिहायलाच हे पत्र लिहितो आहे.

येत्या रविवारी मला पुन्हा केनवडला जायचं आहे. आबाजींचे चार सोबती फोटो काढून घ्यायला तयार झाले आहेत, एकेकट्याचा. त्यांच्यातले एक जन्मापासून आंधळे आहेत. त्यांना कसं बसवायचं ते मला सुचत नव्हतं. शेवटी मी त्यांनाच विचारलं, उजेड कुठून येतो? त्यांनी थोडं थांबून बरोबर दाराकडे तोंड केलं. म्हणाले, गालाले लागते ना. त्यांनी तोंड केलं तसंच ठेवून मी फोटो घेणार आहे. यात काही चुकत असेल तर शनिवारच्या आत कळवा.